डेव्हिड ससून : परक्या भूमीत जपलेला विश्वास



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. या महिन्यात आपण आपल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या कबरींवर जातो, मेणबत्त्या लावतो, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. यंदा या पानावर आम्ही अशा एका मृत माणसाची ओळख करून देत आहोत, ज्याची कबर आपल्याच पुणे शहरात आहे आणि ज्याचे नाव आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. तो आपल्या धर्माचा नव्हता. पण ज्या अब्राहामाला आपण विश्वासाचा पिता म्हणतो, त्याच अब्राहामाचा तो पुत्र होता.

वाघोलीत कुणाला रात्रीअपरात्री अपघात झाला, बाळंतपण अडले, खाजगी दवाखान्याचे बिल झेपेनासे झाले, की घरातले वडीलधारे म्हणतात, ससूनला न्या. ससून म्हणजे सरकारी दवाखाना, एवढेच आपल्याला ठाऊक असते. ते एका माणसाचे नाव आहे, आणि त्या माणसाला एका रात्रीत आपले शहर सोडून पळावे लागले होते, हे फारच थोड्यांना माहीत असते.

बगदादचे घराणे

डेव्हिड ससून यांचा जन्म ऑक्टोबर १७९२ मध्ये बगदाद शहरात झाला. बगदादचे यहुदी म्हणजे कालपरवा तेथे गेलेले लोक नव्हेत. जुन्या करारात आपण वाचतो की नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम जिंकले, देवाचे मंदिर जाळले आणि लोकांना कैद करून बाबेलला नेले. ती घटना ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातली. पुढे काही लोक परत गेले, पण पुष्कळ जण तेथेच राहिले. बाबेलचे अवशेष बगदादपासून फार दूर नाहीत. यहेज्केल संदेष्ट्याची कबर म्हणून मानले जाणारे स्थानही त्याच प्रदेशात आहे, आणि बगदादचे यहुदी तेथे यात्रेला जात. म्हणजे ज्या नद्यांच्या काठी बसून त्यांच्या पूर्वजांनी अश्रू ढाळले, त्याच नद्यांच्या काठी हा समाज दोन हजारांहून अधिक वर्षे देवाची प्रार्थना करीत राहिला होता.

डेव्हिड यांचे वडील शेख ससून बेन सालेह हे बगदादच्या पाशांचे, म्हणजे तुर्की सुभेदारांचे खजिनदार होते आणि यहुदी समाजाचे प्रमुखही होते. घरात पैसा, मान, सत्तेची जवळीक सारे होते. मुलाला हिब्रू शिकवली होती, धर्मग्रंथ शिकवले होते. अरबी, तुर्की आणि फारसी या व्यवहाराच्या भाषाही त्याला येत होत्या. हन्ना नावाच्या मुलीशी त्याचे लहान वयातच लग्न झाले. वडिलांच्या मागून खजिनदाराची गादी आपल्याला मिळेल, असे त्याला वाटत असल्यास त्यात नवल नव्हते.

पण देवाच्या लोकांचा इतिहास असा सरळ कधी चालला आहे?

छळ आणि पलायन

१८१७ च्या सुमारास दाऊद पाशा हा बगदादचा सुभेदार झाला. त्याला पैसा हवा होता, आणि यहुद्यांकडून तो उकळणे सर्वांत सोपे होते. श्रीमंत यहुद्यांना पकडावे, कोठडीत घालावे, खंडणी घेऊन सोडावे, असा प्रकार सुरू झाला. अनेक घराणी त्या काळात बगदाद सोडून निघून गेली. डेव्हिड यांनाही अटक झाली. वृद्ध वडिलांनी पैसे भरून मुलाला सोडवून आणले आणि ताबडतोब शहराबाहेर काढून दिले. १८२० च्या दशकाच्या शेवटी, म्हणजे वयाच्या पस्तिशीनंतर, डेव्हिड बसऱ्यामार्गे इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर बंदरात पोहोचले. अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून ते निघाले होते, असे त्यांच्या घराण्यात सांगत. ते खरे असो वा नसो, हातात राहिले होते ते फार थोडे.

त्याआधीच, १८२६ मध्ये, त्यांची पत्नी हन्ना लहान मुले मागे ठेवून वारली होती. त्यांनी फरहा नावाच्या स्त्रीशी दुसरा विवाह केला होता. बुशहरला पोहोचल्यावर काही काळाने वृद्ध वडील आणि कुटुंबातील माणसे तेथे आली, पण प्रवासाने आणि दुःखाने खचलेले वडील १८३० मध्ये परक्या गावातच वारले. ज्याने आयुष्यभर सुभेदारांचा खजिना सांभाळला, त्याला स्वतःच्या शहरात मूठभर मातीही मिळाली नाही.

पुढच्याच वर्षी, १८३१ मध्ये, बगदादवर प्लेगची मोठी साथ आली, नदीला पूर आला, हजारो माणसे मेली आणि दाऊद पाशाची सत्ताही गेली. डेव्हिड यांना आता परत जाता आले असते. पण परत जायचे कोठे, हा प्रश्नच होता. घर मोडले होते, वडील नव्हते, ओळखीची माणसे पांगली होती.

यहुदी लोक विश्वास कशाला म्हणतात?

येथे आपण थोडे थांबू या. असे संकट आले की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, देवा, मीच का? आणि दुसरा विचार येतो की असा प्रश्न विचारणे म्हणजे आपला विश्वास कमी पडला. यहुदी परंपरा याकडे वेगळ्या दृष्टीने पाहते, आणि ती परंपरा आपल्या बायबलमध्येच असल्यामुळे आपणही ती समजून घेतली पाहिजे.

हिब्रू भाषेत विश्वासाला 'एमुना' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ स्थिरपणा, न डगमगणे असा आहे. निर्गमच्या पुस्तकात अमालेकी लोकांशी झालेल्या लढाईची कथा आहे. मोशे टेकडीवर हात वर करून उभा असतो. हात वर असले की इस्राएलची सरशी होते, खाली आले की अमालेकी जिंकू लागतात. म्हातारा मोशे थकतो. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. त्या स्थिर हातांसाठी हिब्रूत जो शब्द वापरला आहे, तोच 'एमुना'. आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणतो, तो शब्दही याच धातूपासून आला आहे.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, विश्वास म्हणजे मनात कधी शंका न येणे असे नाही. हात दुखत असतानाही ते वर ठेवणे, याला विश्वास म्हणतात. दुसरी, हे एकट्याला जमत नाही. मोशेलाही जमले नाही. दोन्ही बाजूंना कुणीतरी लागते.

म्हणूनच यहुदी लोक देवासमोर रडायला, तक्रार करायला घाबरत नाहीत. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रे दुःखाची आणि गाऱ्हाण्याची आहेत. ईयोब देवाशी अक्षरशः भांडतो. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन त्याला शहाणपण शिकवतात आणि तुझ्याच पापाचे हे फळ आहे असे सांगतात. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, ईयोबावर नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या पापांचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

मग गाऱ्हाणे घातल्यावर पुढे काय करायचे? याचे उत्तर यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमधील कैद्यांना पाठवलेल्या पत्रात आहे. त्या कैद्यांना वाटत होते की दोन-चार वर्षांत आपण परत जाऊ. यिर्मयाने त्यांना कळवले की घाई करू नका. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्या शहराच्या भल्यासाठी झटा व प्रार्थना करा. शत्रूच्या शहराचे भले करा, असे सांगणारे हे पत्र ऐकून त्या लोकांना काय वाटले असेल! पण यहुदी लोकांनी हे पत्र जपून ठेवले आणि जेथे जेथे ते गेले तेथे त्याप्रमाणे जगण्याचा प्रयत्न केला. डेव्हिड ससून यांचे पुढचे आयुष्य या पत्राच्या उजेडात पाहिले की नीट समजते.

मुंबईत

१८३२ मध्ये डेव्हिड ससून कुटुंबासह मुंबईत आले. वय चाळीस. इंग्रजी येत नव्हती आणि पुढेही त्यांनी ती शिकून घेतली नाही. हिंदुस्थानी मात्र शिकले. अंगावर बगदादी अंगरखा आणि डोक्यावर पगडी हा वेश त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. मुंबईच्या काळा घोडा भागातील त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा आहे, तोही याच वेशात. १८५३ मध्ये त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले, तेव्हा कागदावर त्यांनी सही केली ती हिब्रू अक्षरांत.

ते आले ती वेळ व्यापाराला अनुकूल होती. १८३३ च्या कायद्याने चीनच्या व्यापारातील ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी संपली. डेव्हिड यांना इराणी आखातातील व्यापाऱ्यांची भाषा, त्यांचा स्वभाव आणि त्यांची पत माहीत होती. इंग्लंडचे कापड तिकडे पाठवायचे, तिकडचा माल इकडे आणायचा, असा व्यवसाय वाढत गेला. त्यांना आठ मुलगे होते. मुलगे मोठे झाले तसे एकेकाला त्यांनी बाहेर पाठवले. दुसरा मुलगा इलियास १८४४ मध्ये चीनला गेला. पुढे लंडनमध्येही पेढी निघाली. विशीपंचविशीतली ही मुले दूर देशी राहत, पण पेढीचा पत्रव्यवहार चाले तो हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबी भाषेत. घर सुटले तरी घरची भाषा सुटली नाही.

वीस-पंचवीस वर्षांत बगदादचा हा निर्वासित मुंबईच्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाला. भायखळ्याला त्यांचा मोठा वाडा होता.

समृद्धीची परीक्षा

आमच्या अनुभवात संकटात देवाला सोडणारे लोक तितके नसतात. संकटात तर आपण जपमाळ हातात घेतो, नवस बोलतो, नोव्हेना करतो. बरे दिवस आले की मात्र मिस्सा चुकू लागते. नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून आलेली आपली किती तरी कुटुंबे आहेत. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या आजीने खडी फोडून मुले वाढवली आणि तरी रविवारची मिस्सा सोडली नाही, त्यांच्याच नातवाला आज खराडीच्या कंपनीत नोकरी, वाघोलीत फ्लॅट आणि दारात गाडी आहे, पण रविवारी वेळ नाही.

डेव्हिड ससून या दुसऱ्या परीक्षेत कसे उतरले? शनिवार हा यहुद्यांचा शब्बाथ. त्या दिवशी व्यापार नाही, लिखापढी नाही, पैशाला हात नाही. मुंबईचा बाजार काही शनिवारी बंद राहत नसे. जहाज शनिवारी सुटले, भाव शनिवारी वाढला, तर नुकसान ठरलेले. तरी त्यांची पेढी शनिवारी बंद असे. शब्बाथच्या जेवणात यहुदी घरी दोन भाकरी मांडतात. वाळवंटात देवाने शब्बाथच्या आदल्या दिवशी दुप्पट मान्ना दिला, त्याची ती आठवण. एक दिवस काम थांबवले तर आपण उपाशी मरणार नाही, कारण पोसणारा देव आहे, ही श्रद्धा दर आठवड्याला ताटावर मांडली जाते. निर्वासित माणसाला थांबायची भीती फार वाटते. पुन्हा सारे जाईल की काय, या धास्तीने तो धावत राहतो. अशा माणसाने आठवड्यातून एक दिवस पूर्ण थांबणे, हीच त्याची मोठी कबुली होती.

दुसरी गोष्ट दशमांशाची. मिळकतीचा दहावा भाग देवाचा, हा जुन्या करारातील नियम. ससून यांच्या पेढीच्या हिशेबात धर्मादायाची रक्कम वेगळी काढली जात असे. उरले तर देऊ, असा तो मामला नव्हता.

दान की न्याय?

यहुदी भाषेत दानाला 'त्सेदाका' म्हणतात, आणि तो शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून आला आहे. गरिबाला देणे म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हे, ते त्याचे देणे आहे, असा त्यामागचा विचार.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणात आम्हाला रब्बी मोशे हे नाव पुन्हा पुन्हा भेटले. हे रब्बी मोशे म्हणजे बाराव्या शतकातील थोर यहुदी विचारवंत मोशे बेन मैमोन, ज्यांना युरोपात मायमोनिडीस म्हणतात. त्यांनाही छळामुळे लहानपणी स्पेनमधील कॉर्डोबा शहर सोडून कुटुंबासह देशोदेशी भटकावे लागले. शेवटी ते इजिप्तमध्ये स्थिरावले. त्यांचा धाकटा भाऊ व्यापार करून सारे घर पोसत असे. तो हिंदुस्थानकडे येताना आपल्याच हिंदी महासागरात बुडून मेला. त्या धक्क्याने रब्बी मोशे वर्षभर अंथरुणाला खिळून होते. मग ते उठले, वैद्यकी करून घर चालवू लागले आणि त्यांनी आपला सर्वांत मोठा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला तो त्यानंतर. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत खालची पायरी कुरकुरत देण्याची. सर्वांत वरची पायरी अशी की माणसाला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन असा उभा करावा की त्याला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागू नये.

डेव्हिड ससून यांनी जे केले ते या वरच्या पायरीवरचे होते. बगदादहून छळाला कंटाळून येणाऱ्या यहुदी माणसाला मुंबईत त्यांच्याकडे आसरा मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, मुलांना शाळा मिळे आणि धडधाकट माणसाला पेढीत काम मिळे. पण त्यांनी फक्त आपल्या लोकांचेच पाहिले नाही. गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलांना तुरुंगात न टाकता हातात हुन्नर द्यावा, यासाठी १८५७ मध्ये मुंबईत त्यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. टांकसाळीतील व गोदीतील कारागिरांच्या वाचनासाठी व शिक्षणासाठी १८४७ मध्ये सुरू झालेल्या संस्थेला त्यांच्या देणगीतून इमारत मिळाली. ती १८७० मध्ये पूर्ण झाली. तेच आजचे डेव्हिड ससून ग्रंथालय. पुण्यात निराधार आणि अपंग वृद्धांसाठी आश्रम उभा राहिला. नवी पेठेतील 'निवारा' या नावाने पुणेकर त्याला ओळखतात. आणि पुण्यात सर्व जातिधर्मांच्या गरिबांसाठी रुग्णालय. त्यासाठी त्यांनी मोठी देणगी दिली. १८६७ मध्ये ते सुरू झाले, तेव्हा ते स्वतः हयात नव्हते.

यिर्मयाने सांगितले होते, ज्या शहरात तुम्ही परके म्हणून राहता त्या शहराचे भले पाहा. बाबेलला पाठवलेले ते पत्र असे अडीच हजार वर्षांनी पुण्यात पोहोचले.

दोन काळ्या बाजू

बंधुभगिनींनो, आम्ही येथे संतचरित्र लिहीत नाही. म्हणून दोन गोष्टी झाकून ठेवणे बरोबर होणार नाही.

ससून घराण्याच्या संपत्तीचा मोठा भाग अफूच्या व्यापारातून आला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. चीनच्या बादशहाने बंदी घातलेली असताना ती तेथे खपवली गेली. त्यावरून १८३९ ते १८४२ आणि १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे झाली आणि लाखो चिनी कुटुंबे व्यसनाने उद्ध्वस्त झाली. इंग्रज सरकारच्या कायद्यात हा व्यापार गुन्हा नव्हता. इंग्रज, पारशी, मारवाडी, तसेच गोव्याचे ख्रिस्ती व्यापारीही त्यात होते. पण कायदा आणि धर्म यांत फरक असतो, हे शब्बाथ पाळणाऱ्या माणसाला सांगावे लागू नये. स्वतःचे घर अन्यायाने मोडलेला माणूस दूरच्या, न पाहिलेल्या घरांचे दुःख पाहू शकला नाही. माणसाचे डोळे असे अर्धेच उघडतात. आपण ज्या कंपनीत काम करतो, जो माल विकतो, ज्या जमिनीचे व्यवहार करतो, त्यांचे दुसरे टोक कुणाच्या घरात पोहोचते, हा प्रश्न म्हणूनच आपल्यालाही आहे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. ससून मुंबईत आले त्यापूर्वी शेकडो वर्षे आपल्या कोकणात यहुदी राहत होते. ते बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून त्यांचे पूर्वज येथे आले. धर्मग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा विसरली, घरात मराठी आली. तेल गाळण्याचा धंदा ते करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. रब्बी नाही, ग्रंथ नाही, तरी शब्बाथ, सुंता, अन्नाचे नियम आणि इस्राएलचा देव एकच आहे ही एक प्रार्थना, एवढे त्यांनी शतकानुशतके सांभाळले. त्यांच्यापैकीच सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे कंपनीच्या फौजेतील अधिकारी म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाचे कैदी झाले. सुटलो तर देवाचे मंदिर बांधीन असा नवस त्यांनी कैदेत केला होता, असे सांगतात. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात यहुद्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याच्या नावाचा अर्थ आहे, दयेचे द्वार.

बगदादहून आलेले यहुदी आरंभी त्याच मंदिरात प्रार्थना करीत. पण गोऱ्या वर्णाच्या, हिब्रू जाणणाऱ्या, श्रीमंत मंडळींना हे मराठी बोलणारे सावळे धर्मबंधू हळूहळू कमी दर्जाचे वाटू लागले. १८३६ मध्ये मुंबईतील बगदादी यहुद्यांनी सरकारकडे मागणी केली की स्मशानभूमीत आमच्या आणि बेने इस्राएल लोकांच्या कबरींमध्ये भिंत असावी. याच समाजाचे डेव्हिड ससून पुढे अनेक वर्षे प्रमुख होते. ज्यांनी जास्त काळ, जास्त एकाकीपणात विश्वास जपला, त्यांनाच विश्वासात कमी ठरवले गेले. आपल्या ख्रिस्ती समाजात अशा भिंती नाहीत, असे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय? मुलीचे लग्न ठरवताना, पॅरिश कौन्सिलची माणसे निवडताना आपण काय काय विचारतो, ते देव पाहत असतो.

लाल देऊळ

म्हातारपणी डेव्हिड ससून पुण्याच्या हवेला येऊन राहत. येथे आपल्या लोकांसाठी प्रार्थनामंदिर हवे म्हणून त्यांनी कॅम्पात मोलेदिना रोडवर बांधकाम सुरू केले. ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. नोव्हेंबर १८६४ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, पुण्यातच त्यांचे निधन झाले. मंदिर १८६७ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या आवारातच त्यांची समाधी आहे. लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे आणि घड्याळाचे हे मंदिर लांबून एखाद्या इंग्रजी चर्चसारखे दिसते. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात.

त्याचे खरे नाव ओहेल डेव्हिड. ओहेल म्हणजे तंबू. इतक्या भक्कम इमारतीला तंबू का म्हणावे? कारण इस्राएलच्या लोकांना देव प्रथम भेटला तो वाळवंटातल्या तंबूत, प्रवासात. दगडविटांचे घर बांधले तरी आपण या जगात मुक्कामाला आलेले आहोत, ही आठवण त्या नावात आहे.

बगदादमध्ये मागे राहिलेल्या त्यांच्या बांधवांचे काय झाले? १९४१ मध्ये तेथे यहुद्यांची भीषण कत्तल झाली आणि १९५०-५१ मध्ये एक लाखाहून अधिक यहुद्यांना इराक सोडावे लागले. अडीच हजार वर्षांची ती वस्ती जवळजवळ संपली. पुण्यातही आज यहुदी कुटुंबे फार थोडी उरली आहेत. कॅम्पातील लाल देऊळ आणि रास्ता पेठेतील बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर यांत अजून देवाचे नाव घेतले जाते.

आपल्यासाठी

यहुदी लोकांच्या छळात ख्रिस्ती लोकांचाही मोठा हात होता, हे आपण विसरता कामा नये. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हे निवेदन प्रसिद्ध केले. प्रभू येशूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांच्या माथी मारणे चूक आहे आणि ख्रिस्तसभेची मुळे इस्राएलमध्ये आहेत, असे त्यात स्पष्ट सांगितले. प्रभू येशू, पवित्र मरिया, संत जोसेफ, सारे प्रेषित यहुदी होते. क्रुसावर प्रभूने जे स्तोत्र ओठांवर घेतले ते यहुद्यांच्या गाऱ्हाण्याच्या स्तोत्रांपैकीच एक होते. म्हणून त्यांच्याकडून शिकण्यात आपल्याला कमीपणा नाही.

या आठवड्यासाठी तीन साध्या गोष्टी आम्ही सुचवतो. ज्यांच्या घरी आजार, कर्ज किंवा बेकारी आहे, त्यांनी देवापुढे मन मोकळे करावे, रडावे, विचारावे, आणि तरी हात खाली येऊ देऊ नयेत. ज्यांचे बरे चालले आहे, त्यांनी आपला रविवार देवाला परत द्यावा. आणि आपण सर्वांनी आपल्या वाड्यावस्तीत ज्याचे हात थकले आहेत अशा एका माणसाच्या शेजारी जाऊन बसावे, अहरोन आणि हूर बसले तसे. उपदेश नको, नुसता हात धरावा.

आणि पुढच्या वेळी कुणाला भेटायला ससूनमध्ये जाल, तेव्हा ज्या परक्या माणसाने या शहराला आपले मानले त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणा. यहुदी लोक कबरीवर फुले वाहत नाहीत, एक लहानसा दगड ठेवतात. आपली वाघोली तर दगडखाणींचेच गाव. आपली प्रार्थना हाच आपला दगड समजू या.

प्रभूची शांती आपणा सर्वांच्या घरी नांदो.

आपला धर्मगुरू